हलक्या हाताच्या बाई

बाईंच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की पाण्याआधी तार मिळायची. तांब्याची, वीतभर, मऊसूत. "वाकवा," बाई म्हणायच्या. माणूस वाकवायचा. "आता सरळ करा." माणूस सरळ करायला जायचा आणि तिथंच फसायचा. वाकलेली जागा जशीच्या तशी राहायची आणि तिच्या शेजारी नवंच कुबड यायचं. अजून जोर लावला की तार पार नागमोडी. मग बाई चष्मा कपाळावर ढकलून, कॅरममध्ये राणी घेतल्यासारख्या तोंडानं म्हणायच्या, "बघितलंत? एकदा वाकली ती जागा आता हट्टी झाली. ती नाही ऐकणार. ती शेजारणीला पुढं करते."

यातून कोणी सुटलं नाही. आग विझवायची नळकांडी भरायला येणारा माणूस, साहेबांचे पाहुणे, झेरॉक्सवाला. एकदा तर मतं मागायला उमेदवार आला होता. तो बिचारा हात जोडूनच आत शिरला, बाईंनी त्याचे हात सोडवून हातात तार दिली. कार्यकर्ते बाहेर घोषणा देतायत आणि हा आत घामाघूम. निवडून आला तो नंतर, पण तार काही सरळ झाली नाही.

आमची कंपनी साजगावला, खोपोलीच्या अलीकडं. काम साधं. तांब्याची जाड सळई बारीक भोकातून ओढायची, मग त्याहून बारीक भोकातून, करत करत तार करायची. ओढली की तांबं कडक होतं. मग तारेचं वेटोळं भट्टीत घालायचं, तापवायचं, सावकाश निवू द्यायचं, की परत मऊ. खरंच मऊ झालं का, ते मायक्रोस्कोपखाली बघून सांगायचं काम बाईंचं. तांब्याच्या आत दाणे असतात, साखरेत असतात तसे, ते बघून बाई सांगायच्या. दिवसभर तोंडात तोच शब्द, म्हणून अख्खी कंपनी त्यांना मागून दाणेबाई म्हणायची. पुढून म्हणायची छाती नव्हती कोणाची.

माझी होती. मी कर्जतचा, शाळेत अभ्यासात यथातथा, पण हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचे आवाज तोंडपाठ. डिप्लोमा करून बाईंच्या हाताखाली लागलो आणि आठवड्याच्या आत कँटीनमध्ये दाणेबाई सुरू केल्या. बाई बोलताना नाकातून एक बारीक सूर निघायचा, वाक्य संपलं तरी तो थोडा वेळ चालूच राहायचा, पंखा बंद केल्यावर पाती फिरतात तसा. मी तो सूर धरला, चष्मा कपाळावर ढकलला, "वाकवा" म्हणालो, आणि समोरची पोरं अचानक गप्प झाली. मागं बाई उभ्या.

"माझा आवाज इतका नाकातून येतो?"

"नाही बाई," मी म्हणालो, "मी जरा कमीच घेतला."

मला वाटलं, गेली नोकरी. बाई समोरची खुर्ची ओढून बसल्या. "साहेब येतात का तुला?" त्या दिवसापासून मी नकल्या झालो. जेवणाच्या सुट्टीत फर्माईश व्हायची. "नकल्या, आज भट्टीवाले मामा कर."

भट्टीवाले मामा म्हणजे बारकूमामा. कोंडाण्याचे, वरी-भाताची थोडी शेती, बाकी ठेकेदाराकडून आमच्या भट्टीवर. माझा सगळ्यात गाजलेला आयटम तोच. मामांचा आवाज पोटातून यायचा, हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा. वेटोळं भट्टीतून निघालं की त्याचा तुकडा कापून मामा स्वतः लॅबमध्ये आणायचे, टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बाय, भात शिजला का बगा." बाई तुकडा बघायच्या आणि म्हणायच्या, "शिजलाय, मामा." रोजचं ठरलेलं. बाईंना ते इतकं आवडायचं की रिपोर्टमध्ये इंग्रजीत लांबलचक लिहून झालं तरी तोंडानं 'शिजलाय' म्हटल्याशिवाय त्या कागद पुढं सोडायच्या नाहीत.

मला शिकवताना बाईंचा एकच मंत्र होता: हात हलका. तारेचा तुकडा प्लास्टिकच्या गोल वडीत बसवायचा, मग पॉलिश पेपरवर घासायचा. आधी खरखरीत, मग बारीक, मग अजून बारीक, शेवटी मखमलीवर. दर कागदाला वडी काटकोनात फिरवायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की राहिले ते कळतं. मग ॲसिडचा एक पुसट हात, की दाणे दिसतात. ऐकायला सोपं. मी पहिल्या दिवशी भांडी घासतात तसा घासला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून ओरडलो, "बाई, यात रेघाच रेघा! तार गेली कामातून!"

बाईंनी बघितलं. "तारेला काही झालं नाहीये. हे तुझ्या बोटांचं चित्र आहे. घरी ने आणि फ्रेम करून लाव."

तांबं मऊ असतं, म्हणाल्या. तू जोर लावलास तर वरचा थर तिथल्या तिथं वाकतो, दाणे चेचले जातात, आणि मग भिंगातून तुला तारेचा स्वभाव दिसत नाही, तुझा दिसतो. "बाळाच्या पाठीवरून साबण फिरवतात तसा फिरव." मी म्हणालो, "बाई, मला बाळ नाही." म्हणाल्या, "तुझ्या लक्षणांनी होणारही नाही. फिरव."

तरी मला एक कळत नव्हतं. तार वाकते म्हणजे आत नक्की होतं काय? ते बाईंनी शिकवलं कंपनीच्या सत्यनारायणाला, भर पंगतीत. बाई बायकांच्या पंगतीत बसायचं सोडून आमच्यात येऊन बसल्या. पानं वाढून होत आलेली, आणि मधेच साहेबांचा भाचा आला. त्याला जागा हवी. वाढपी ओरडला, "सरका रं जरा!" माझ्या शेजारचा सरकला, मग त्याच्या शेजारचा, मग त्याच्या. जागा हलत हलत पार टोकाला गेली.

"बघ, बघ!" बाईंनी माझ्या मांडीवर चापट मारली. "अख्खी पंगत एकदम उचलून सरकवता आली असती का? नाही. एक सरकला, मग दुसरा. दाण्याच्या आतही कण असेच रांगेत बसलेत. रांगेत कुठंतरी एक चूक असते, एक जागा कमी असते. तार वाकवलीस की ती चूक एकेक घर सरकत जाते. म्हणून इतकं मजबूत तांबं तुझ्यासारख्याच्या हातानं वाकतं."

"मग कडक कधी होतं?"

"चारी बाजूंनी सरकासरकी सुरू झाली की. हा इकडं रेटतोय, तो तिकडं. सगळे एकमेकांत अडकतात. मग कोणीच हलत नाही."

पंगतीच्या टोकाला बारकूमामा बसले होते. सगळ्यांनी सरकून सरकून त्यांचं अर्धं पान सतरंजीच्या बाहेर गेलेलं. ते हंड्यातनं म्हणाले, "बाय, कन मोजू मागून. मसालेभात निवतोय." बाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मामांनीच पाण्याचा पेला पुढं केला.

हे सगळं असं चाललं होतं, म्हणून पुढचं सांगताना जड जातं.

एका गिऱ्हाइकाची तक्रार आली. आमची तार त्यांच्या मशीनवर सारखी तुटत होती. तार कडक आहे, मऊ झालेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. एरवी तार ओढून तोडून बघायचं मशीन आमच्याकडं होतं, त्यावर लगेच कळलं असतं. पण ते नेमकं दुरुस्तीला पुण्याला गेलेलं. साहेब कानाला मोबाईल लावून लॅबमध्येच येऊन उभे राहिले. "बाई, लवकर सांगा, पार्टी लाइनवर आहे." बाईंनी त्याच मालाचा तुकडा घेतला, मला बाजूला केलं आणि स्वतः पॉलिशला बसल्या. साहेबांचा बूट टक टक वाजत होता. बाईंचा हात भराभर चालला होता. मी तेव्हा दुसरीकडं ॲसिड मोजत होतो.

बाईंनी भिंगातून बघितलं. दाण्यांवर रेघा. वाकलेल्या, चेचलेल्या दाण्यांवर असतात तशा.

दारात मामा उभे होते. त्या दिवशी भट्टी त्यांचीच होती, त्यांना बोलावून घेतलं होतं. "शिजलाय ना, बाय?"

"कच्चा आहे, मामा."

मामा दोन पावलं आत आले. "भट्टी पुरी दिली म्या, बाय. येळेआधी न्हाय काढला. पुन्यांदा बगा."

"मामा, भिंगात दिसतंय," बाई म्हणाल्या.

साहेब बाहेर पडलेसुद्धा होते. फोनवर त्यांचा आवाज ऐकू येत होता, "माणसाची चूक, माणसाची. बदलतो, बदलतो." ठेकेदाराच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. दुसऱ्या दिवशी मामा आले ते फक्त खिळ्यावरचा पंचा आणि जेवणाचा डबा घ्यायला. भट्टीकडून गेटकडं जायची वाट लॅबच्या खिडकीवरूनच जाते. मामा कँटीनच्या मागून वळसा घालून गेले.

कँटीनमध्ये पोरं म्हणाली, "नकल्या, मामा कर ना." मी केला. हशा पडला. समोर लॅबच्या दारात बाई होत्या, त्या हसल्या नाहीत. आत गेल्या.

मग मधे बरेच महिने गेले. एक नवी मुलगी शिकायला आली. तिला शिजलेला आणि कच्चा, दोन्ही नमुने शेजारी ठेवून दाखवावेत म्हणून बाईंनी खणातून ती तक्रारीच्या वेळची, मामांच्या मालाची जुनी वडी काढली. वर डाग पडले होते, म्हणून म्हणाल्या, थांब, पुसून घेते. आणि पॉलिशला बसल्या. त्या दिवशी घाई नव्हती. साहेब नव्हते. पोरीला दाखवायचं म्हणून बाईंनी हात अगदी पिसासारखा ठेवला होता. "असा," म्हणत होत्या, "असा. बाळाच्या पाठीवरून."

मग मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि उठल्याच नाहीत.

"नकल्या, इकडं ये." आवाजात नाकातला सूर नव्हता. "बघ."

मी बघितलं. गोल, शांत, स्वच्छ दाणे. एक रेघ नाही.

"शिजलेला होता," बाई म्हणाल्या.

आमच्या धंद्यात ही चूक पहिल्या दिवसाच्या पोरानं करायची असते. मी केली होती, तर बाईंनी फ्रेम करायला सांगितली होती. बाई ताडकन उठून साहेबांकडं गेल्या. मी मागोमाग. साहेबांनी ऐकून घेतलं आणि एकदम प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "अहो, ते तर तेव्हाच कळलं होतं! त्यांच्या मशीनच्या पुलीचा टवका उडालेला. तार त्याच्यावर घासून तुटत होती. मिटलं ते प्रकरण, बाई. चहा घ्या."

"मग मामांना कोणी सांगितलं?"

"कोणत्या मामांना?" साहेब म्हणाले.

त्यानंतर लॅबमध्ये आलेल्या माणसांना तार मिळणं बंद झालं. पाणीच मिळायचं. लोकांना वाटलं, बाई दमल्या.

बाईंना मामांकडं जायचं होतं. मनापासून जायचं होतं, आणि तरी निघणं होत नव्हतं. आधी म्हणाल्या, लावणी चालू असेल, कामाच्या दिवसांत कशाला. मग म्हणाल्या, गणपती होऊ देत. मग गुडघा. मी म्हणायचो, "बाई, स्कूटी आहे, मी आहे, कोंडाणं काय लांब आहे?" बाई म्हणायच्या, "जाऊन म्हणायचं काय पण?" त्यात मामांचा निरोपही नाही, खबरही नाही. कोणीतरी म्हणालं, एका फार्महाऊसवर वॉचमन आहेत. कोणी म्हणालं, ते पण सोडलं.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत बाईंनी लॅबचं दार लावून घेतलं. "नकल्या, मामा हो. मी बोलून बघते."

मी स्टुलावर बसलो, खांद्यावर रुमाल टाकला. बाई समोर उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "मामा, तुमची भट्टी बरोबर होती. माझा हात चुकला. तुम्ही परत बघा म्हणालात, मी बघितलं नाही."

बाईंचे डोळे भरले होते. मला राहवलं नाही. मी पोटातून आवाज काढला, "जाऊ द्या, बाय. व्हतं असं."

बाई एकदम कडाडल्या. "तू कोण माफ करणारा?"

"बाई, मी आपलं..."

"माणूस तो, काढून टाकलं त्याला, आणि माफी तू देतोस? इथं, एसीत बसून?" मग खुर्चीत बसल्या आणि हळू म्हणाल्या, "इतका हुबेहूब काढू नकोस रे. मला खरं वाटतं."

शेवटी बाईंच्या रिटायरमेंटच्या तोंडावर आम्ही गेलो. रविवार होता. कर्जतच्या पुढं गाड्याच गाड्या, कोंडाण्याची लेणी बघायला आलेली मंडळी. एकानं काच खाली करून विचारलं, "दादा, केव्ह्ज किधर?" मागं हेल्मेट घालून, एका बाजूला पाय करून बसलेल्या बाई म्हणाल्या, "सरळ जा, वाकू नका." खूप दिवसांनी त्या विनोदाच्या मूडमध्ये होत्या. पर्समध्ये ती वडी रुमालात गुंडाळून घेतलेली. वाटेत सारखं चाचपत होत्या.

मामी अंगणात वरी पाखडत होत्या. आम्हाला बघून सूप खाली ठेवलं. "कंपनीतली मानसं का? या की. ते आत हायत." आणि मग आवाज खाली करून, "बोलत न्हाईत आता. लकवा मारला. उजवी बाजू गेली नी वाचा गेली. समजतंय सगळं, पन येत न्हाय तोंडावाटं."

बाई उंबऱ्यातच थांबल्या. "कधी?"

"दिवाळीच्या पाठी." बाईंचा चेहरा बघून मामी घाईनं म्हणाल्या, "बीपीनं झालं वो. कुनाचा दोस न्हाय."

मामा खाटेवर होते. दाढी वाढलेली, पण डोळे तेच. मला ओळखलं, ओठाचा डावा कोपरा जरा वर गेला. बाईंना बघितल्यावर तो कोपरा परत खाली आला.

बाई खाटेजवळ जमिनीवर बसल्या, गुडघा दुखत असताना. वडी काढली. मामांच्या डाव्या हातात ठेवली. आणि लॅबमध्ये घोटून घोटून पाठ केलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाल्या, "शिजलेला होता, मामा. माझ्या हाताचा जोर दिसला होता त्यात. तुम्ही पुन्हा बघा म्हणाला होतात."

मामांनी वडी डोळ्यांसमोर धरली. नुसत्या डोळ्यांना त्यात काय दिसणार? आरशासारखं चकचकीत तांबं, टिकलीएवढं. ती इकडून तिकडून फिरवली. मग त्यांच्या पोटातून आवाज आला. तोच हंड्यातला आवाज, पण शब्द नाहीत. लांबलचक काहीतरी. मधे थांबले, परत सुरू झाले, मानेची शीर ताठ झाली, डोळ्यांतून पाणी आलं. ते रागानं आलं, की कशानं, मला सांगता येणार नाही.

थांबले.

मामी माझ्याकडं वळल्या. "तू तर त्यांचा आवाज काडायचास ना रं? कवतिकानं सांगायचे घरी. काय म्हनाले, सांग की बायला."

बाईसुद्धा माझ्याकडंच बघत होत्या. खाली बसलेल्या, मान वर करून. वाक्य माझ्या घशाशी तयार होतं. जाऊ द्या, बाय. व्हतं असं. नुसतं सोडायचं होतं. मामींना बरं वाटलं असतं, बाईंना झोप लागली असती. मामांकडं बघितलं. तेही माझ्याकडंच बघत होते, आणि त्या नजरेत मला काही एक वाचता आलं नाही.

"मला नाय कळलं, मामी," मी म्हणालो.

मामींनी भात टाकते म्हणून खूप आग्रह केला. बाईंना घास गेला नसता. निघताना बाईंनी मामांच्या पायाला हात लावला. मामांनी वडी परत दिली नाही, मुठीत घट्ट धरून ठेवली होती. त्याचाही अर्थ मी लावला नाही.

परतताना कर्जतला रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. फाटकाला थांबलो तेव्हा मागून म्हणाल्या, "तुला खरंच नाही कळलं?"

"नाही, बाई."

"आणि बोलायला किती सोपं होतं तुला." माझ्या पाठीवर त्यांचा हात पडला, इतका अलगद की शर्टाच्या आत पोचलाही नसेल. "हात हलका झाला तुझा."

मामा त्याच उन्हाळ्यात गेले. बाई आता शेलूला लेकीकडं असतात, नव्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर. मी जातो अधूनमधून. चहा होतो, गुडघ्याची चौकशी होते. नातीच्या हातात तांब्याच्या तारेचा तुकडा बघितला परवा. बाईंनी दिलेला. पोर ती सरळ करायला बघत होती. मला वाटलं, बाई आता हट्टी जागेचं बोलतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नकल्या, ते काय बोलले असतील रे?" दर वेळी विचारतात. दर वेळी मी म्हणतो, माहीत नाही. दोघांनाही त्याची सवय होत नाही.

कंपनीत मी अजून सगळ्यांना काढतो. नवे साहेब येतात मला, ठेकेदार येतो, दाणेबाई तर लोक आवडीनं मागतात. मामांचा आवाज मी काढत नाही. जुनी पोरं आग्रह करतात, 'भात शिजला का बगा' एकदा होऊन जाऊ दे म्हणतात. मी दुसऱ्या कोणाचा तरी काढून वेळ मारून नेतो.

बाईंच्या खुर्चीवर आता मी बसतो. भट्टीतनं तुकडा येतो, मी घासतो, बघतो. रेघा दिसल्या तर तोंड उघडत नाही. साहेब दारात असोत नाहीतर पार्टी लाइनवर असो. वडी परत घेतो, बारीक कागद घेतो, आणि पहिल्यापासून घासायला बसतो. नवी मुलगी विचारते, परत कशाला? हे मला बाईंनी शिकवलेलं नाही. हे मामांनी बाईंना सांगितलं होतं, मी तेव्हा तिथं होतो.